बालअत्याचाराच्या सरकारी नोंदवह्या: पुण्यातील पालक, शाळा आणि पाळणाघरे यांच्याकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचा प्रकार उघडकीस आल्यावर पुण्यातील पालक-शिक्षक संघांच्या बैठकांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येऊ लागला: अशा माणसांची यादी सरकार ठेवत का नाही, आणि ठेवत असेल तर ती आम्हाला दाखवत का नाही? त्याच सुमारास अमेरिकेत राहणाऱ्या मुलामुलींचे आईवडील नेमकी उलटी चिंता घेऊन येत होते, कारण तिथल्या यादीत आपल्याच घरातील कोणाचे तरी नाव चढले होते. दोन्ही बाजूंचे प्रश्न येथे एकत्र दिले आहेत. ही उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. स्वतःच्या प्रकरणात वकिलाचा सल्ला घ्यावा. एखाद्या मुलाला या क्षणी धोका असेल, तर पुढे वाचत बसू नये. १०९८ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा.

१. बालअत्याचार नोंदवही म्हणजे नेमके काय?

मुलाला मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा गंभीर दुर्लक्ष सोसावे लागत असल्याची तक्रार आल्यावर सरकारचे बालसंरक्षण खाते चौकशी करते. तक्रारीत तथ्य आहे असा निष्कर्ष निघाला, तर संबंधित व्यक्तीचे नाव ज्या दफ्तरात चढते, ती ही नोंदवही. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ती आहे. कॅलिफोर्नियाची नोंदवही १९६५ पासूनची आहे आणि बालअत्याचार प्रतिबंधाचा केंद्रीय कायदा १९७४ मध्ये झाल्यानंतर तक्रारी, चौकशा आणि नोंदी यांची व्यवस्था देशभर पसरली.

यातील कळीचा मुद्दा असा की नाव चढवणारा अधिकारी खात्याचा असतो, न्यायाधीश नसतो. पोलिसांत गुन्हा नोंदलेला नसला, खटला उभा राहिलेला नसला, तरी नाव चढू शकते. नोंद झाल्याने कोणी तुरुंगात जात नाही. परंतु शाळा, पाळणाघर, मुलांचे वसतिगृह, दत्तकविधान अशा ठिकाणी अर्ज केला की ही नोंदवही तपासली जाते आणि तिथे नाव निघाले की बहुधा अर्ज बाजूला पडतो.

२. लैंगिक गुन्हेगारांची यादी आणि ही नोंदवही एकच ना?

नाही, आणि या दोहोंची गल्लत वर्तमानपत्रांतही होते. लैंगिक गुन्हेगारांच्या यादीत न्यायालयाने दोषी ठरवलेली माणसे असतात, आणि अमेरिकेत १९९६ च्या ‘मेगन्स लॉ’ या केंद्रीय कायद्यापासून त्या यादीतील माहिती लोकांपर्यंत पोहोचवणे राज्यांवर बंधनकारक झाले. बालअत्याचार नोंदवही सर्वसामान्यांना पाहता येत नाही. ती खाते, ठरावीक मालक आणि दत्तकसंस्था यांच्यापुरती असते. म्हणजे पहिल्या यादीत शिरण्यासाठी पुरावा जास्त लागतो आणि ती उघड असते, तर दुसरीत शिरायला पुरावा कमी पुरतो आणि ती बंद असते. ‘अमेरिकेसारखी यादी करा’ अशी मागणी करणाऱ्याने त्याला यांपैकी कोणती यादी हवी आहे, हे आधी सांगावे.

३. भारतात अशी यादी आहे का?

दोषी ठरलेल्यांची आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने २० सप्टेंबर २०१८ रोजी लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय विदासंग्रह (डेटाबेस) सुरू केला. तो राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे, म्हणजे एनसीआरबीकडे असून सुरुवातीलाच त्यात सुमारे ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. नाव, पत्ता, छायाचित्र, बोटांचे ठसे असा तपशील त्यात असतो. तो फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना पाहता येतो. प्रश्न १ मध्ये सांगितलेली, खात्याच्या चौकशीवर चालणारी आणि शिक्षा न झालेल्यांचीही नावे ठेवणारी नोंदवही आपल्याकडे नाही.

४. मग ती यादी जाहीर का करत नाहीत? आमच्या सोसायटीत कोण राहायला येतो हे आम्हाला कळायला नको का?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग समजण्यासारखा आहे. तरीही यादी उघड केल्याने मुले अधिक सुरक्षित होतील, हे गृहीत धरण्याआधी तीन गोष्टींचा विचार करावा लागतो.

पहिली गोष्ट अशी की एनसीआरबीच्या वार्षिक अहवालांत पॉक्सोखालील, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखालील, बलात्काराच्या स्वरूपाच्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असल्याचे दिसते: नातेवाईक, शेजारी, कुटुंबाचा स्नेही, कामावरचा माणूस. केंद्र सरकारने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या पाहणीत ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले होते. या मुलांपैकी फार थोड्यांची प्रकरणे पोलिसांपर्यंत गेली असणार. ज्याच्याविरुद्ध कोणी बोललेच नाही, त्याचे नाव कोणत्याही यादीत सापडणार नाही.

दुसरी गोष्ट मुलाच्या ओळखीची. पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार पीडित मुलाची ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. आरोपी वडील, मामा किंवा आजोबा असतील, तर त्यांचे नाव आणि पत्ता जाहीर करणे म्हणजे मुलीचेच नाव जाहीर करणे होय.

तिसरी गोष्ट घरात घडते आणि तिची आकडेवारी निघत नाही. तक्रार केली की घरातल्या माणसाचे नाव जन्मभरासाठी चव्हाट्यावर येणार, हे एकदा कळले की आजी म्हणते, ‘आपण घरातच मिटवू.’ शिक्षेची जरब जितकी मोठी, तितके घरच्यांचे तोंड घट्ट मिटते आणि मूल तिथेच राहते. माझ्या मते जाहीर यादीविरुद्धचा सर्वांत वजनदार युक्तिवाद हाच आहे. आरोपीच्या अब्रूचा मुद्दाही खरा आहे, पण तो यानंतर येतो.

५. यादी पाहता येत नसेल, तर पाळणाघर किंवा शाळेने माणूस कामावर घेताना काय तपासायचे?

पॉक्सो नियम, २०२० प्रमाणे मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने, म्हणजे शाळा, पाळणाघर, क्रीडा प्रशिक्षण केंद्र या सर्वांनी, शिक्षक असो वा शिपाई, कायम असो वा कंत्राटी, प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमीची तपासणी ठरावीक काळाने करून घ्यायची असते. ‘ठरावीक काळाने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आठ वर्षांपूर्वी काढलेला चारित्र्य पडताळणीचा दाखला फाइलला लावून ठेवल्याने नियम पाळला जात नाही. स्वच्छतेचे काम ठेकेदाराकडे दिले म्हणून संस्थेची जबाबदारी ठेकेदाराकडे जात नाही.

पुण्यात एक व्यावहारिक अडचण हमखास येते. पुणे शहर, २०१८ पासून स्वतंत्र झालेले पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण अशा तीन पोलीस यंत्रणा येथे शेजारी शेजारी आहेत. वाकडला राहणारा चालक कोथरूडच्या शाळेची मुले नेतो आणि त्याचे मूळ गाव लातूर किंवा बिदर जिल्ह्यात असते. तेव्हा अर्जात आधीचे सर्व पत्ते लिहून घ्यावेत, मागच्या दोन मालकांशी स्वतः फोनवर बोलावे आणि नोकरी का सोडली हे त्यांच्याच तोंडून ऐकावे. चिठ्ठीवरच्या ‘वर्तणूक समाधानकारक’ या दोन शब्दांवर विसंबू नये. व्हॅनकाकांच्या बाबतीत शाळेच्या परिवहन समितीने हीच तपासणी करावी; ‘व्हॅन खासगी आहे, पालकांनी ठरवली आहे’ हे उत्तर वारंवार ऐकू येते आणि ते पुरेसे नाही.

६. दाखला कोरा आला म्हणजे माणूस निर्धोक आहे ना?

पोलिसांच्या दफ्तरात त्याच्याविरुद्ध काही सापडले नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. कारण प्रश्न ४ मध्ये आले आहे. पाळणाघरात दुसरे मोठे माणूस नसताना एकट्या माणसाच्या ताब्यात मूल देऊ नये, स्वच्छतागृहाकडे नेण्याचे काम कोणाचे हे ठरलेले असावे आणि मुलाला तक्रार सांगता येईल असे एक तरी माणूस असावे. या साध्या गोष्टी दाखल्यापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

७. नोंदवहीत नाव घालायला किती पुरावा लागतो?

न्यायाचा सगळा प्रश्न येथे येऊन थांबतो, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. फौजदारी खटल्यात आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. दिवाणी दाव्यात ज्या बाजूचे पारडे जड, तिच्यासारखा निकाल लागतो. याहून खालची एक पायरी आहे: ‘काहीतरी विश्वासार्ह पुरावा’ मिळाला की पुरे, मग विरुद्ध बाजूचा पुरावा त्याहून भक्कम का असेना. अमेरिकेतील अनेक राज्यांच्या नोंदवह्या दीर्घकाळ या शेवटच्या पायरीवर चालत होत्या.

न्यूयॉर्कमध्ये एका आईने चोरी केल्याबद्दल आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला थप्पड मारली आणि तिचे नाव नोंदवहीत चढले. ते प्रकरण १९९४ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयात गेले. त्या वेळी नोंदवहीत सुमारे वीस लाख नावे होती, आणि नाव काढून मागणाऱ्यांपैकी जवळपास ७५ टक्के लोकांना अखेरीस यश मिळत होते. जी यंत्रणा आव्हान मिळाल्यावर चारांपैकी तीन वेळा माघार घेते, तिच्या मूळ निष्कर्षांवर माणसाची रोजीरोटी टांगून ठेवता येणार नाही, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा रोख होता. तरीही तेथील विधिमंडळाला कायदा बदलायला २०२० साल उजाडले; १ जानेवारी २०२२ पासून न्यूयॉर्कमध्ये जड पारड्याची कसोटी लागू झाली.

मुलांच्या बाजूने विचार केला तरी सैल कसोटी घातकच आहे, हे मला आवर्जून सांगायचे आहे. थप्पड मारणारी आई आणि मुलावर वर्षानुवर्षे अत्याचार करणारा प्रशिक्षक एकाच यादीत, एकाच शिक्क्याने बसले, की यादी वाचणाऱ्याला धोका कोठे आहे ते कळेनासे होते. लाखो नावांच्या यादीतले नाव निघाले तर मालक एक तर सगळ्यांनाच नाकारतो, नाही तर ‘असेल काहीतरी किरकोळ’ म्हणून सगळ्यांनाच घेतो.

८. नाव घालण्याआधी त्या व्यक्तीचे म्हणणे ऐकून घेतात का?

पूर्वी अनेक ठिकाणी घेत नसत आणि हे बदलण्यासाठी लोकांना न्यायालयात जावे लागले. सर्वांत बोलके उदाहरण कॅलिफोर्नियाचे आहे. २००१ मध्ये एका दांपत्यावर मुलीच्या तक्रारीवरून अत्याचाराचा आरोप झाला, त्यांना अटक झाली, नंतर आरोप मागे पडले आणि ते वस्तुतः निर्दोष असल्याचे न्यायालयाने जाहीरही केले. तरीही राज्याच्या नोंदवहीतील त्यांची नावे तशीच राहिली, कारण नाव काढून मागण्याची पद्धतच अस्तित्वात नव्हती. केंद्रीय अपील न्यायालयाने २००९ मध्ये ही व्यवस्था घटनेतील योग्य प्रक्रियेच्या हमीचा भंग करणारी ठरवली. त्यानंतर १ जानेवारी २०१२ पासून कॅलिफोर्नियाने कायदा बदलला: अनिर्णित राहिलेल्या तक्रारी नोंदवहीतून वगळल्या आणि सुनावणीचा हक्क कायद्यात आला. इलिनॉयमध्ये मुलांबरोबर काम करणाऱ्यांच्या बाबतीत निष्कर्ष पक्का करण्याआधीच त्यांना खात्यापुढे बाजू मांडू द्यावी, असे अपील न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले.

सुनावणी म्हणजे मुलाला आरोपीसमोर उभे करणे, असा एक गैरसमज आहे. कागदपत्रे दाखवणे, आरोप काय आहे हे लेखी कळवणे आणि ज्याने चौकशी केली त्याच्याहून वेगळ्या अधिकाऱ्याने निर्णय घेणे, या गोष्टी मुलाला एकही प्रश्न न विचारता करता येतात.

९. आमची मुलगी आणि जावई न्यू जर्सीत असतात. शाळेतून तक्रार गेल्यामुळे खात्याची माणसे घरी आली. आता त्यांचे नाव कायमचे लागणार का?

घरी येणे म्हणजे नाव लागणे नव्हे. अमेरिकेत वर्षाला सुमारे तीस लाख मुलांच्या बाबतीत चौकशी होते आणि त्यांतील साडेपाच ते सहा लाख मुलांच्या बाबतीत अत्याचार किंवा दुर्लक्ष झाल्याचे ठरते. न्यू जर्सीत २०१३ पासून निष्कर्षाच्या चार पायऱ्या आहेत: सबस्टँशिएटेड (सिद्ध आणि गंभीर), एस्टॅब्लिश्ड (सिद्ध, पण तितके गंभीर नाही), नॉट एस्टॅब्लिश्ड (सिद्ध नाही, पण मुलाला इजा किंवा धोका असल्याची चिन्हे) आणि अनफाउंडेड (निराधार). नोकरीसाठी होणाऱ्या नोंदवही तपासणीत यांपैकी पहिली पायरीच कळवली जाते. त्यामुळे पत्रात नेमका कोणता शब्द आहे, ते आधी पाहावे. अपिलाची मुदत थोडी असते आणि ती चुकली तर भक्कम प्रकरणही अडते, म्हणून पुण्याहून दिलेल्या सल्ल्यावर न थांबता तेथील बालसंरक्षण कायद्याचा वकील त्यांनी लगेच गाठावा.

आजी-आजोबांना आणखी एक सांगावेसे वाटते. ‘आम्हीही मारलेच की, बिघडलात का तुम्ही?’ हे वाक्य चौकशी अधिकाऱ्यासमोर मदत करत नाही. तिथे प्रत्येक चापट अत्याचार ठरत नाही, परंतु वळ, सूज किंवा जखम दिसली की शिक्षकाला तक्रार करावीच लागते. ती त्याच्यावरची कायदेशीर सक्ती आहे, तुमच्या कुटुंबावरचा राग नाही.

१०. दुर्लक्ष म्हणजे काय? गरिबी आणि दुर्लक्ष यांत फरक करतात का?

करायला हवा, पण नेहमी होत नाही. अमेरिकेत पीडित ठरलेल्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांच्या प्रकरणांत दुर्लक्ष असते. त्यात उपाशी ठेवणारे पालक असतात, तशी रात्रपाळीला गेल्यामुळे लहानग्याला मोठ्या बहिणीवर सोपवणारी आईदेखील असते. पुण्यात बांधकामाच्या जागेवर काम करणाऱ्या आयांना विचारावे: मूल वाळूच्या ढिगाऱ्याजवळ खेळत असते, कारण पाळणाघर नसते. अशा आईला यादीत घातल्याने मूल सुरक्षित होत नाही. उलट पुढे शाळेत मदतनीस किंवा पाळणाघरात मावशी म्हणून मिळू शकणारे कामही तिच्या हातून जाते. मिशिगनने २०२२ मध्ये कायदा बदलून गंभीर प्रकरणांतीलच नावे नोंदवहीत ठेवण्याचे धोरण स्वीकारले, त्यामागे हाच विचार आहे.

११. नाव किती वर्षे राहते?

राज्यागणिक फरक आहे. इलिनॉयमध्ये प्रकरणाच्या गांभीर्यानुसार ५, २० किंवा ५० वर्षे नोंद राहते. न्यूयॉर्कमध्ये प्रकरणातील सर्वांत धाकटे मूल २८ वर्षांचे होईपर्यंत ती राहते. मात्र २०२२ पासून केवळ दुर्लक्षाची नोंद आठ वर्षांनंतर मालकांना कळवली जात नाही. ज्या तक्रारीत तथ्य आढळले नाही, तिच्या पार्श्वभूमी तपासणीसाठी वापरल्या जाणाऱ्या नोंदी लवकर पुसाव्यात, अशी अट केंद्रीय कायद्यातच आहे. मुदतीशिवायची नोंद मला अन्यायाची वाटते, परंतु मुलावर लैंगिक अत्याचार केल्याचे नीट सुनावणीनंतर ठरलेल्या माणसाला मुलांच्या कामापासून आयुष्यभर दूर ठेवले तर त्याबद्दल माझी तक्रार नाही.

१२. इंग्लंडमध्ये काय पद्धत आहे?

तिथे मुलांसोबत काम करण्यास मनाई असलेल्यांची यादी डिस्क्लोजर अँड बारिंग सर्व्हिस ही सरकारी संस्था ठेवते. २००२ मध्ये सोहम या गावी शाळेतील केअरटेकरने दोन मुलींचा खून केला. त्याच्याविरुद्धच्या आधीच्या तक्रारींची माहिती एका पोलीस दलाकडून दुसऱ्याकडे पोहोचलीच नव्हती. पुण्याच्या तीन यंत्रणांविषयी (प्रश्न ५) बोलताना मला हेच प्रकरण आठवते. त्यावरील चौकशीनंतर २००६ चा कायदा आला. बहुतेक प्रकरणांत नाव घालण्याआधी लेखी म्हणणे मांडता येते. नाव असताना मुलांचे काम करणे गुन्हा आहे आणि जाणूनबुजून अशा माणसाला कामावर ठेवणे हाही गुन्हा आहे. फेरविचाराची किमान मुदत वयावर ठरते: अठरा वर्षांखालील व्यक्तीसाठी एक वर्ष, १८ ते २४ वयासाठी पाच आणि २५ वर्षे किंवा त्याहून मोठ्यांसाठी दहा वर्षे. मुदत संपली म्हणजे नाव आपोआप निघत नाही, फेरविचार मागता येतो.

१३. आमच्या शाळेतील शिक्षकावर एका मुलीने आरोप केला आहे. आधी शाळेने चौकशी करून मग पोलिसांत जायचे का?

नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडण्याची शक्यता कळताच विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवावे लागते. आरोप खरा की खोटा हे ठरवणे मुख्याध्यापकांचे काम नाही. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत, आणि हाताखालच्या माणसाबद्दल न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहाच्या प्रकरणात मुलींवर उपचार करूनही न कळवणाऱ्या डॉक्टरवरील गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला. सद्भावनेने कळवणाऱ्याला कलम १९ मध्येच संरक्षण आहे.

शिक्षकाच्या नोकरीचा प्रश्न याहून वेगळा आहे. त्याला मुलांपासून तत्काळ दूर करावे. मान्यताप्राप्त खासगी शाळांना लागू असलेल्या १९७७ च्या सेवाशर्ती कायद्याखाली निलंबन, चौकशी समिती आणि शाळा न्यायाधिकरणाकडे अपील अशी रीतसर वाट आहे. निलंबन ही शिक्षा नसते. पालकांच्या मोर्च्यापुढे नमून चौकशीविना बडतर्फ केलेला शिक्षक तांत्रिक कारणावरून परत कामावर येऊ शकतो, आणि त्या वेळी खऱ्या तक्रारदार मुलीची जी अवस्था होते ती पाहण्यासारखी नसते.

१४. शाळेची बदनामी नको म्हणून राजीनामा घेऊन प्रकरण मिटवले तर?

असे प्रकरण मिटलेले नसते, फक्त दुसऱ्या शाळेकडे गेलेले असते. एका पालकसभेत संस्थाचालकांनी अभिमानाने सांगितले होते की त्यांनी ‘त्या माणसाला एका दिवसात घालवले’. तो कोठे गेला, असे विचारल्यावर सभागृह शांत झाले. कायद्याच्या दृष्टीने हा कलम २१ चा गुन्हा आहे (प्रश्न १३). पडताळणीचा दाखला कोरा येण्याचे एक मोठे कारणही असेच राजीनामे आहेत.

१५. तक्रार खोटी निघाली तर? आणि सिद्ध झाली नाही म्हणजे खोटीच ना?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: नाही. महाराष्ट्रातील पोलीस तपास बंद करताना ‘समरी’ पाठवतात. ए समरी म्हणजे गुन्हा घडला पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही. बी समरी म्हणजे तक्रार द्वेषबुद्धीने केलेली खोटी. सी समरी म्हणजे खरी-खोटी यांच्या अधली, गैरसमजातून झालेली. मूल घाबरून साक्षीत फिरले, नातेवाइकांनी दबाव आणला, तर आरोपी सुटतो. त्यावरून मूल खोटे बोलले असे ठरत नाही.

द्वेषाने खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला पॉक्सोच्या कलम २२ खाली शिक्षा आहे; खोटी माहिती मुलाने दिली असेल तर त्याला शिक्षा देता येत नाही, आणि हे योग्यच आहे. घटस्फोट आणि ताब्याच्या वादात एकमेकांवर असे आरोप होतात, हे शिवाजीनगरच्या न्यायालयात काम करणारा कोणताही वकील सांगेल. म्हणून ‘ताब्याचा वाद आहे’ एवढ्यावरून तक्रार खोटी समजू नये, आणि ‘आई म्हणते आहे’ एवढ्यावरून खरीही समजू नये.

१६. आरोपीच अल्पवयीन असेल तर त्याचे नाव राहते का?

बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम २४ नुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाला पुढील आयुष्यात अपात्रता चिकटत नाही आणि त्याची नोंद नष्ट केली जाते. अपवाद एकच: सोळा वर्षे पूर्ण झालेला, निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चाललेला आणि दोषी ठरलेला मुलगा. निकाली निघालेल्या प्रकरणातील मुलाची नोंद पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी उघड करू नये, असेही कलम ७४ सांगते. येथे आपला कायदा अमेरिकेहून उदार आहे. तेथील केंद्रीय कायद्यात गंभीर लैंगिक गुन्ह्यांसाठी चौदा वर्षांच्या मुलाचेही नाव लैंगिक गुन्हेगारांच्या यादीत जाऊ शकते.

१७. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर एका माणसाचा फोटो ‘सावध राहा’ म्हणून फिरतो आहे. पुढे पाठवू का?

पाठवू नका. तुमच्याकडे माहिती असेल तर ती पोलिसांना द्या. तसे न करता ती फक्त गटावर टाकणे म्हणजे पॉक्सोच्या कलम १९ चे (प्रश्न १३) कर्तव्य न बजावणे आणि वर बदनामीच्या दाव्याला आमंत्रण देणे. इमारतीचे नाव आणि मजला कळला की मूलही ओळखू येते (प्रश्न ४). २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना प्रथम खबरी अहवाल संकेतस्थळावर टाकण्यास सांगितले, तेव्हा लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली होती. न्यायालयाने जे बंद ठेवले, ते सोसायटीच्या सचिवाने उघडे करू नये.

१८. खटल्यातून निर्दोष सुटलो. नोकरीच्या अर्जात ते लिहावे का?

अर्जात विचारले असेल तर लिहावे आणि निकालाची प्रमाणित प्रत जोडावी. माहिती दडवणे हे नोकरी नाकारण्याचे स्वतंत्र कारण ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याच निकालाने सुटकेचे स्वरूप पाहून निर्णय घेण्याचा मालकाचा अधिकारही मान्य केला आहे. विचारलेच नसेल, तर आपणहून सांगण्याची सक्ती नाही.

१९. आपल्याकडेही खात्याच्या चौकशीवर चालणारी नोंदवही काढावी का?

आजच्या स्थितीत माझे उत्तर नकारार्थी आहे. मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीत कायद्याने अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, आणि तिच्यापुढे आधीच काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची रांग असते. पुरेसे प्रशिक्षित चौकशी अधिकारी नसताना नोंदवही काढली, तर न्यूयॉर्कची १९९४ ची अवस्था (प्रश्न ७) आपल्याकडे पहिल्या दिवसापासून येईल. त्याआधी करता येण्याजोगी एक गोष्ट आहे: राष्ट्रीय विदासंग्रहात नाव आहे की नाही, एवढे ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर शाळा व पाळणाघरांना पोलिसांमार्फत ठरावीक दिवसांत मिळावे. तपशील नको, पत्ता नको. त्या यादीत दोषी ठरलेल्यांचीच नावे असल्याने न्यायाचा प्रश्न तेथे बराच कमी होतो.

२०. आम्ही काही वर्षे अमेरिकेत होतो, आता तिथेच दुसऱ्या राज्यात परत जाऊन मूल दत्तक घ्यायचे आहे. जुन्या राज्यातील नोंद आड येईल का?

येऊ शकते. २००६ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे दत्तक किंवा पालक-कुटुंब (मुलाला काही काळ सांभाळणारे घर) म्हणून मंजुरी देण्याआधी, मागील पाच वर्षांत अर्जदार आणि घरातील इतर प्रौढ जिथे जिथे राहिले, त्या प्रत्येक राज्याची नोंदवही तपासली जाते. तुमच्यासोबत राहणारे आजी-आजोबाही या ‘इतर प्रौढांत’ येतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. म्हणून अर्ज करण्याआधी जुन्या राज्याकडे स्वतःच्या नावाची चौकशी करावी. कॅलिफोर्नियात नोटरीपुढे सही केलेला अर्ज पाठवून ती करता येते. नाव निघाले तर आधी तेथे सुनावणी मागावी आणि तिचा लेखी निकाल हातात आल्यावरच दत्तकसंस्थेकडे अर्ज करावा.